सेंधव्याच्या घाटातील नाईक पडद्यावर आणताना

इंग्रजी अमलाविरुद्ध शस्त्र उचललेल्या एखाद्या बंडखोरावर चित्रपट करावा, असे खानदेशातील अनेक तरुण दिग्दर्शकांच्या मनात असते, आणि विषय निघाला की पहिले नाव बहुधा १८५७ च्या बंडातील भिल्ल पुढारी खाज्या नाईकांचे येते. शेजारच्या मालेगावने तुटपुंज्या भांडवलावर चित्रपट उभे करण्याची हिंमत केव्हाच दाखविली आहे, आणि अहिराणी गाण्यांच्या चित्रफितींमुळे धुळे-जळगावात कॅमेरा, संकलन आणि प्रकाशयोजना जाणणारी माणसे तयार झाली आहेत, त्यामुळे साधनांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. गाडी अडते ती पटकथेत. पहिल्या प्रसंगात नायक कड्यावर उभा राहून गर्जना करतो, दुसऱ्यात गोऱ्या साहेबाच्या छातीत बाण रुततो, आणि तिसऱ्या प्रसंगापासून पुढचे सारे प्रेक्षकाला ठाऊक झालेले असते. ज्यांना असा चित्रपट करावयाचा नाही, त्यांनी पटकथेचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी आणि चित्रीकरणाला बाहेर पडण्यापूर्वी कोणती कामे कोणत्या क्रमाने उरकावीत, हे येथे मांडले आहे. उदाहरणासाठी खाज्या नाईकच घेतले आहेत. पद्धत मात्र कोणत्याही बंडखोराला लागू पडावी.

आरंभ चाकरीपासून करावा

खाज्या नाईक हे मुळात घाटाचे राखणदार होते. मुंबई-आग्रा रस्ता तापी ओलांडून शिरपूरमार्गे पळासनेरला येतो आणि तेथून सातपुडा चढून सेंधव्याकडे उतरतो. या घाटातून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यांनी सुमारे वीस वर्षे ही सरकारी चाकरी केली. पुढे एका चोराच्या मृत्यूबद्दल त्यांना दहा वर्षांची सजा झाली, ती पुरी होण्याआधीच त्यांची सुटका झाली, आणि सुटकेनंतर त्यांना पुन्हा त्याच घाटाच्या राखणीवर घेण्यात आले. ज्या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे रस्ता राखण्यात घालविली, त्यानेच १८५७ साली तो रस्ता अडविला. माझ्या मते चित्रपटाचा सारा ऐवज या एका वाक्यात आहे, आणि बाकीची पटकथा म्हणजे त्याची फोड आहे.

म्हणून पटकथाकाराने पहिले टिपण बंडाचे करू नये, व्यवस्थेचे करावे. १८१८ साली पेशवाई संपून खानदेश इंग्रजांकडे आला, त्या वेळी येथला कारभार पाहणारे कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्यापुढे पहिला प्रश्न डोंगरातील नाईकांचा होता. डोंगराच्या वाटा राखण्याबद्दल गावांकडून आणि वाटसरूंकडून हक्क घेण्याची नाईकांची जुनी वहिवाट होती. काही वर्षे पलटणी पाठवून डोंगर धुंडाळण्यात गेली आणि त्यातून फारसे काही हाती आले नाही. १८२५ साली धोरण बदलले. नंदुरबार-कुकरमुंडा, धरणगाव आणि कन्नड या बाजूंना भिल्ल एजन्सी, म्हणजे भिल्लांचा कारभार पाहणारी इंग्रजी कचेऱ्या, नेमल्या गेल्या, आणि धरणगावला लेफ्टनंट जेम्स औट्रम यांनी अवघ्या नऊ शिपायांपासून भिल्ल पलटण उभी करावयास सुरुवात केली. ज्यांना पकडावयाचे त्यांच्याच भाऊबंदांना पगार आणि बंदूक देऊन उभे करावयाचे, ही ती युक्ती होती. १८५८ साली डोंगरात बंड मोडण्यासाठी जे गेले, त्यांतही भिल्ल शिपाई होते. हे चित्रपटात टाळले, तर एका बाजूला सारे गोरे आणि दुसऱ्या बाजूला सारे काळे अशी सोपी मांडणी होते आणि खरे नाट्य हातचे जाते. दोन चुलत भाऊ, एक पलटणीत आणि एक नाईकांबरोबर, हे कल्पित पात्रांचे सूत्र येथे इतिहासाला धक्का न लावता बसविता येते. त्यांना कल्पित नावेच द्यावीत. खऱ्या माणसाच्या तोंडी मनचे प्रसंग घालण्यापेक्षा ते बरे.

व्यवस्थेचे टिपण करताना स्वतःला साधे प्रश्न विचारावेत. नाईकाला पगार कोण देई, तो कोणाच्या हातून येई, घाटात चोरी झाली तर जाब कोणाला द्यावा लागे, सजा होऊन गेलेल्या माणसाला पुन्हा तीच चाकरी मिळाली तेव्हा त्याचे पूर्वीचे वजन शिल्लक होते का? यांपैकी ज्यांची उत्तरे कागदात सापडतील ती घ्यावीत आणि जी सापडणार नाहीत ती प्रसंगाच्या पोटात मोकळी ठेवावीत. पगारवाटपाचा एक प्रसंग, ज्यात कारकून मान वर न करता नाव पुकारतो आणि नाईक अंगठा उमटवितो, दहा मिनिटांच्या घोषणांपेक्षा अधिक सांगून जाईल.

कागद कोठे आणि कसे पाहावेत

मुंबई इलाख्याच्या खानदेश जिल्ह्याचे गॅझेटियर १८८० साली छापले गेले आणि ते आज सहज पाहता येते; आरंभासाठी तेच घ्यावे. त्यातील इतिहासाचे प्रकरण वाचून थांबू नये. रस्ते, घाट, नद्यांचे उतार, बाजार, पिके, पोलीस आणि भिल्लांविषयीची पाने यांतूनच चित्रपटाची सजावट निघते. त्यानंतर मुंबईचे राज्य अभिलेखागार आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे संगणकीय दालन पाहावे. धुळ्यातच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. तेथे त्या काळचे मोडी कागद प्रत्यक्ष पाहिले, म्हणजे पडद्यावर दिसणारी चिठ्ठी कशी असावी हे कळते. त्या काळातला कारकून बोरूने मोडी लिही. चित्रपटात त्याच्या हाती टाक देऊन बाळबोध लिपीतील सुबक अक्षर दाखविले, की जाणकाराच्या तोंडाची चव जाते.

कागद शोधताना नावांच्या वेगवेगळ्या रूपांची यादी आधी करावी. इंग्रजी कागदांत खाज्या नाईक हे कजरसिंग किंवा काजरसिंग म्हणून येतात, आणि एकाच अधिकाऱ्याच्या दोन पत्रांत दोन रूपे असू शकतात. गावांचेही तसेच आहे. सातपुड्यात पाड्यांची नावे आंबा, पाणी, खड्डा, माळ यांवरून पडलेली असतात आणि ती डोंगरापलीकडे पुन्हा आढळतात. केवळ नाव जुळले म्हणून जागा ठरवू नये, जवळची नदी किंवा घाट जुळतो का हे पाहावे.

या कागदांपैकी जवळपास सारे पाठलाग करणाऱ्यांनी लिहिलेले आहेत, याचे भान वाचताना ठेवावे लागते, परंतु तेवढ्यावरून ते टाकून देण्याचे कारण नाही. अधिकारी आपल्या पराक्रमाविषयी वाढवून लिहितो. दाणागोटा, वाटा, हवा आणि खर्च यांविषयी तो सहसा खोटे लिहीत नाही, कारण त्याबद्दल त्याला हिशेब द्यावयाचा असतो. चित्रपटाला नेमकी हीच माहिती हवी असते.

दुसरा साठा मौखिक आहे. शिरपूर, चोपडा, धडगाव आणि सीमेपलीकडील सेंधवा-बडवानी या पट्ट्यात बंडाच्या आठवणी गाण्यांतून आणि गप्पांतून टिकून आहेत. त्या टिपताना माणसाची परवानगी घ्यावी, ध्वनिमुद्रण करावे, पाड्याचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी, आणि एकाच गोष्टीची दोन रूपे मिळाली तर दोन्ही ठेवावीत. गाण्यातील तपशील इतिहास म्हणून पडद्यावर आणावयाचा असेल, तर तो गाण्यातूनच आणावा: पाड्यावरचा म्हातारा गात आहे, आणि दृश्य त्याच्या गाण्याचे आहे. असे केले, की प्रेक्षकाला आपण कोठे उभे आहोत हे कळते आणि दिग्दर्शकावर पदरचे घातल्याचा आळही येत नाही.

सात लाखांचे वजन

नोव्हेंबर १८५७ मध्ये इंदुराहून मुंबईकडे निघालेला सुमारे सात लाख रुपयांचा खजिना सेंधव्याच्या घाटात लुटला गेला. कोणत्याही पटकथेत हा प्रसंग येणारच, आणि बहुतेक ठिकाणी तो सारखाच लिहिला जातो: एक पेटी फुटते, मोहरा उधळतात, नायक मूठभर नाणी हवेत फेकतो आणि घोडे धुळीत नाहीसे होतात. येथे दिग्दर्शकाने कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

कंपनीचा रुपया एक तोळ्याचा होता, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा. सारी रक्कम नाण्यांत होती असे धरले, तर सात लाख रुपयांचे वजन आठ हजार किलोंहून अधिक भरते. हजार-हजार रुपयांच्या थैल्या केल्या, तर सातशे थैल्या होतात आणि त्यांतील प्रत्येक थैली साडेअकरा किलोंहून जड असते. घाटाच्या चढावर एका बैलगाडीत पाचशे किलो घातले, तरी सोळा-सतरा गाड्यांचा तांडा लागतो; बैल, गाडीवान आणि पहारेकरी वेगळेच. आता लूट पाहा. डोंगरात गाड्या जात नाहीत. माणशी पंचवीस किलो, म्हणजे दोन थैल्या आणि वर थोडे, असे ओझे दिले तर सव्वातीनशे माणसे एका खेपेला लागतात, आणि ती माणसे ओझे घेऊन पळू शकत नाहीत.

हा हिशेब मांडला, की प्रसंगाचा चेहराच बदलतो. झडप पाच मिनिटांत संपली असेल, पण चांदी हलविण्यात तासन्‌तास गेले असतील. चित्रीकरणाचा वेळ आणि पैसा त्या तासांवर खर्च करावा. खांद्यावर थैली टाकून दगडगोट्यांची वाट चढणारी माणसांची रांग, थैलीची शिवण उसवते तेव्हा गोट्यांवर वाजणारी चांदी, वाकून ती वेचणारे पोर आणि त्याला पुढे ढकलणारी म्हातारी, बैलांच्या वशिंडांवर बसलेले कावळे, आणि काय करावे हे न सुचून रिकाम्या गाड्यांजवळ उकिडवे बसलेले गाडीवान. घोड्यांची दौड या प्रसंगात नसली तरी चालेल. उलट तिच्यावर वाचलेले पैसे माणसांच्या मजुरीसाठी वापरावेत, कारण येथे शंभराहून कमी माणसे घेऊन भागणार नाही.

नाणी करून घेताना १८४० सालचा राणी व्हिक्टोरियाचा कंपनी रुपया नमुन्यासाठी घ्यावा. त्याच्या मागच्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि साल असते. सम्राज्ञी असा उल्लेख असलेली नाणी १८७७ नंतरची आहेत आणि बाजारात जुनी नाणी म्हणून तीच अधिक मिळतात, तेव्हा जपावे. सोन्याच्या मोहरा पूर्णपणे वगळाव्यात. दुरून दिसणाऱ्या थैल्यांत वाळू भरली तरी वजन खरे ठेवावे, कारण कलाकार हलकी थैली जड म्हणून वाहू लागला, की त्याचे खांदे खोटे बोलतात.

आंबापाणी

११ एप्रिल १८५८ या दिवशी सातपुड्यात आंबापाणीची लढाई झाली. तो रविवार होता, आणि चैत्राची अमावास्या दोन दिवसांवर आली होती. पटकथेत हे कामाला येते. आदल्या रात्रीचा प्रसंग असेल, तर तेथे चांदणे नाही. पहाटे पूर्वेला चंद्राची कोर उगवते तेवढीच. निळ्या प्रकाशातील चमकदार रात्र दाखविण्याची सवय येथे सोडावी आणि शेकोटी, चुडी व पहाटेची फटफटी एवढ्यावर रात्र उभी करावी. ऐतिहासिक चित्रपटातील प्रत्येक निश्चित तारखेची तिथी काढण्याचा नियम करावा. जुन्या पंचांगावरून किंवा साध्या गणिताने ती निघते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

लढाईत भिल्लांबरोबर अरब आणि मकराणी शिपाईही होते, हे विसरू नये. खानदेशात पेशवाईच्या अखेरीपासून हे लोक चाकरीसाठी होते, आणि त्यांच्यामुळे पडद्यावरची फौज वेश, भाषा आणि हत्यारे या तिन्ही बाबतींत मिश्र दिसली पाहिजे. लढाईत खाज्या नाईकांचा मुलगा पडला. त्यानंतर सरकारी फौजेने सुमारे चारशे स्त्रियांना ताब्यात घेतले, कारण बायका-मुले हाती असली म्हणजे पुरुष शरण येतील, असा अधिकाऱ्यांचा होरा होता. चित्रपटाचा उत्तरार्ध लढाईवर न थांबवता या स्त्रियांवर यावा, असे मला वाटते. लढाई दाखविणारे अनेक आहेत; चारशे बायकांना डोंगरातून खाली कसे आणले, त्यांना कोठे ठेवले, पाणी कोणी दिले, आणि पहाऱ्यावर त्यांच्याच बोलीतला शिपाई असेल तर त्याने मान कोठे वळविली, याचा विचार करणारी पटकथा मराठीत झाली पाहिजे. येथे कागद तोकडे पडतात, म्हणून प्रसंग कल्पित असणार हे गृहीत धरावे आणि म्हणूनच पात्रे थोडी व संवाद त्याहून थोडे ठेवावेत.

खाज्या नाईक १८६० साली दगाबाजीने मारले गेले, आणि त्यांचे सहकारी भीमा नाईक यांना १८६७ साली पकडून अंदमानला पाठविण्यात आले. यांपैकी कोणत्या शेवटावर चित्रपट थांबवावा, हे आरंभीच ठरवावे लागते, कारण त्यावर भीमा नाईकांच्या भूमिकेची लांबी अवलंबून आहे.

बोली

संवादांची भाषा हा खानदेशातील ऐतिहासिक चित्रपटाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पुण्या-मुंबईच्या लेखकाला डोंगर म्हटले की एक काल्पनिक ग्रामीण बोली सुचते, जी कोणत्याच तालुक्यात बोलली जात नाही. शिरपूरच्या उत्तरेला आणि धडगावकडे पावरी, नवापूरकडे मावची, तापीच्या दोन्ही काठच्या सपाटीवर अहिराणी, घाट उतरला की निमाडी, आणि यावल-रावेर बाजूला तडवी भिल्लांची स्वतःची ढब, असा हा मुलूख आहे. कोण कोणाशी कोणत्या बोलीत बोलेल, याचा तक्ता पटकथेबरोबरच तयार करावा. नाईक घरात आपल्या बोलीत बोलतील, धुळ्याच्या बाजारात अहिराणीत सौदा करतील, जमादाराशी मोडक्या हिंदुस्थानीत बोलतील, आणि कारकून त्यांचे म्हणणे मराठीत लिहून साहेबाला इंग्रजीत सांगेल. एका तक्रारीचा हा चार पायऱ्यांचा प्रवास पडद्यावर दाखविला, तर शेवटी साहेबाच्या कानी काय पोहोचले हे प्रेक्षकाला आपोआप कळते.

अहिराणीसाठी ‘माले’, ‘तुले’ आणि ‘काय करी राहिना’ एवढे पेरून भागत नाही. बोली जाणणाऱ्या माणसाने संवाद मुळातून रचावेत, आणि त्याचे नाव श्रेयनामावलीत लेखकांबरोबर द्यावे. सल्लागार म्हणून शेवटच्या ओळीत नव्हे. पावरी संवादांना मराठी उपशीर्षके द्यावीत. वितरक कुरकुरतात, पण आजचा प्रेक्षक मोबाईलवर परभाषेतील मालिका उपशीर्षकांसह पाहतो, तेव्हा त्या कुरकुरीला पूर्वीइतका अर्थ उरलेला नाही.

चौकटीत काय येऊ नये

स्थळ पाहणीला जाताना बरोबर एक वनस्पती ओळखणारा माणूस न्यावा. आज खानदेशाच्या माळावर सर्वत्र दिसणारी वेडी बाभूळ त्या काळी येथे नव्हती, गाजरगवत तर विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे आहे, आणि सुबाभूळ व नीलगिरीच्या रांगा वनखात्याच्या अलीकडच्या लागवडी आहेत. रावेर-यावलकडील केळीच्या बागा सुंदर दिसतात म्हणून मागे घेऊ नयेत. साक्री बाजूच्या पठारांवर पवनचक्क्यांची पाती कोणत्या कोपऱ्यातून चौकटीत शिरतील याचा नेम नसतो. सेंधव्याचा मूळ घाटरस्ता आज चौपदरी महामार्ग झाला आहे आणि तेथे रात्रंदिवस मालमोटारी धावतात. त्याचा नाद सोडून चोपडा किंवा शहादा तालुक्यांतील एखादी जुनी बैलवाट पाहावी. त्या काळी तेथे तापीवर पूल नव्हता आणि गाड्या उतारातून किंवा नावेने पार होत, म्हणून नदीच्या प्रसंगासाठी थाळनेरच्या आसपासचा काठ पाहण्यासारखा आहे.

तारायंत्राचे खांब मात्र असावेत. मुंबई-आग्रा तारेची लाईन बंडाआधीच पडली होती, आणि बंडखोरांना तार तोडण्याचे महत्त्व चांगले कळत होते. रेल्वे नको; १८५७ साली ती खानदेशात आली नव्हती. दिग्दर्शकाला आगगाडीचा मोहच असेल, तर त्याने तंट्या भिल्लांचा विषय घ्यावा. ते निमाडचे, १८७८ साली खांडव्याच्या तुरुंगातून निसटले आणि ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी गेले. त्यांच्या काळात रेल्वे होती, नाणी बदलली होती, बंदुकाही बदलल्या होत्या. वीस-तीस वर्षांच्या फरकाने सारे सामान वेगळे होते, आणि भाड्याने वेशभूषा देणाऱ्यांकडे मात्र इंग्रज म्हटला की एकच लाल डगला असतो.

बंदुकांविषयी एवढेच, की १८५८ च्या लढाईत तोंडाकडून भरावयाच्या बंदुका होत्या. चांगला शिपाई मिनिटाला दोन-तीन वेळा झाडू शके, आणि त्या मधल्या अवकाशात बाण सुटत. मागून भरावयाच्या रायफली दाखविल्या, तर लढाईचा ताल बिघडतो. तीरकामठा करणारे कारागीर सातपुड्यात आजही आहेत आणि त्यांच्या कामठ्याची दोरी बांबूच्या चिवटीची असते. ती नायलॉनची घेऊ नये, कारण सुटताना येणारा आवाज वेगळा असतो.

वेशभूषेत एक चूक इतकी रुळली आहे, की ती स्पष्ट सांगितली पाहिजे. होळीला बुध्या होऊन नाचणाऱ्याचा मोरपिसांचा टोप आणि कमरेचे घुंगरू हा नवसाचा, त्या दिवसांपुरता वेश आहे. तो घालून कोणी लढाईला जात नाही आणि लाकडे तोडायलाही जात नाही. पावरी, मांदळ आणि ढोल या वाद्यांचेही तेच. त्यांच्या वेळा ठरलेल्या आहेत. आणि पडद्यावर चहा कोणालाही पाजू नये, तो तेव्हा या डोंगरात पोहोचला नव्हता.

घोड्यांसाठी अनेकजण सारंगखेड्याच्या यात्रेकडे पाहतात. तेथे घोडे उत्तम मिळतात, पण त्यांतील पुष्कळ नाचायला शिकविलेले असतात, आणि बंदुकीच्या बाराला ताल समजून ते पाय उचलू लागले तर लढाईची वरात होते.

वेळापत्रक, परवानग्या आणि पहिला खेळ

चित्रीकरणाचा हंगाम ठरविताना डोंगरातील लोकांचे वर्ष पाहावे. दिवाळीनंतर नंदुरबार-शिरपूर पट्ट्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला आणि गुजरातेत कामाला जातात, आणि होळीला परततात. होळीआधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात. त्या दिवसांत कोणी मजुरीला मिळेल अशी आशा धरू नये, आणि चित्रपटासाठी बाजाराचे नाटक तर मुळीच मांडू नये. होळीनंतर एप्रिलअखेरपर्यंतचे दिवस सर्वांत सोयीचे आहेत. माणसे घरी असतात, सागाची पाने झडून डोंगर उघडा पडलेला असतो, मोहाची फुले वेचणे चालू असते, आणि आंबापाणीची लढाई याच ऋतूतली आहे. मोहाची वेचणी पहाटे असते, म्हणून बायकांना सकाळी नऊच्या आधी बोलावू नये. मजुरी रोजच्या रोज, प्रत्येकाच्या हाती द्यावी. मुकादमामार्फत देऊ नये.

राखीव वनात आणि यावल अभयारण्यात वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि अभयारण्यात आगीचा किंवा स्फोटाचा प्रसंग मिळणार नाही असे धरूनच पटकथा लिहावी. किल्ला किंवा जुने देऊळ घ्यावयाचे असेल, तर ते केंद्राच्या संरक्षणाखाली आहे की राज्याच्या, हे आधी पाहावे, कारण अर्ज वेगवेगळ्या ठिकाणी करावा लागतो. घाटाची पलीकडची बाजू मध्य प्रदेशात येते, म्हणजे तेथील प्रशासनाकडेही स्वतंत्र अर्ज हवा. बैल आणि घोडे वापरण्यासाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, आणि तिचे पत्र नसेल तर पुढे प्रमाणपत्राच्या वेळी सेन्सॉर बोर्डाकडे अडते. सोळा-सतरा गाड्यांच्या तांड्यात बत्तीस ते चौतीस बैल होतात. त्यांची कागदपत्रे गोळा करण्याचे काम एका माणसाकडे पूर्णवेळ सोपवावे. खोट्या बाराच्या बंदुकांसाठी स्थानिक पोलीस ठाण्याला आधी कळवावे आणि आसपासच्या पाड्यांवरही निरोप द्यावा.

कच्चे संकलन तयार झाले, की ध्वनिमिश्रणाआधी ते ज्या पाड्यांतील माणसांनी काम केले त्यांना दाखवावे. शाळेची भिंत, भाड्याचा प्रोजेक्टर आणि जनित्र एवढ्यावर हा खेळ होतो. दिग्दर्शकाने त्या वेळी भाषण करू नये. मागे बसून कोठे हशा पिकतो आणि कोठे कुजबूज होते ते वहीत टिपावे. गंभीर प्रसंगी हसू आले, तर बहुधा एखादा शब्द चुकीच्या तोंडी पडलेला असतो, किंवा दागिना चुकीच्या पायात असतो. दागिन्याचे काही करता येत नाही, पण शब्द या टप्प्यावर पुन्हा बोलून घेता येतो. मिश्रण झाल्यावर त्याच एका शब्दासाठी कलाकाराला पुन्हा बोलवावे लागते आणि स्टुडिओचे भाडे दुसऱ्यांदा मोजावे लागते.